आवाज कुठं तुटतो

"ह्या तिन्हीतलं कुठलं घेऊ, तेवढंच सांगा चाचा."

अभिनंदन चौगुलेने कागद पुढे सरकवला. कागदावर तीन स्वस्तातल्या साऊंड कार्डांची नावं आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात गुणदोष. इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा माणूस तो. नुसतं नाव लिहून थांबेल तर शपथ.

लालासाब मुजावरांनी कागद उचलला. उलटा केला. मागची कोरी बाजू नीट बघितली आणि परत ठेवला.

मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात चाचांचं दुकान. आधी रेडिओ आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. सत्तरी उलटली, डोळे अधू झाले, पण कानाचा माणूस म्हणून गावात नाव होतं. अभिनंदनचा असल्या ख्यातीवर काडीचा विश्वास नव्हता. रविवार होता, बाकीची दुकानं बंद होती, म्हणून नाइलाजाने मशीन उचलून इथं आला होता.

"होतंय काय, सर?"

"गेम अडकतो. भाऊ बोलायला लागला की चित्र थांबतं, आवाज तुटतो. मदरबोर्डावरच्या साऊंडचा ताण प्रोसेसरवर येतो. वेगळं कार्ड घातलं की ताण कमी. सरळ आहे."

"सरळ हाय तर मला कशाला विचारता?"

"कुठलं घ्यायचं, एवढंच विचारतोय. चारच्या आत पाहिजे."

तीन वाजून गेले होते.

चाचांनी मशीन जोडलं. गेम उघडला. डोंगरातला चिखलाचा रस्ता आणि दोन ट्रक. एक रुतला की दुसऱ्याने दोर टाकून ओढायचं, असला खेळ. ट्रक चार हात गेला आणि अडकला.

चाचांनी मशीनचा आवाज मुळातूनच बंद करून टाकला. ट्रक परत चार हात गेला… आणि अडकला.

"आवाज बंद हाय, सर. तरी अडकतंय."

अभिनंदनने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

चाचांनी कॅबिनेटला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"पंखा दमलाय."

झाकण काढलं तर आत धुळीचा हा एवढा गोळा! चाचांनी ब्रश फिरवला, ब्लोअर मारला. अभिनंदनला लागोपाठ पाच शिंका आल्या.

"मशीन गरम झालं की हळू चालतं, हे पोरांना शिकवता की न्हाई?"

"शिकवतो…"

"चांगलं हाय."

झाकण बसलं. ट्रक सुरू झाला तो थेट डोंगराच्या माथ्यावर गेला. कुठं अडकला नाही, कुठं थांबला नाही.

"न्या आता. कार्ड नको."

दुसरा कोणी असता तर चाचांचे पाय धरले असते. अभिनंदन जागचा हलला नाही.

"तरी… एक कार्ड द्याच."

"कशाला?"

"आवाज तुटतो."

"कुणाचा?"

अभिनंदनने दाराकडे बघितलं. बोळात कोणी नव्हतं.

"सुकुमारचा. माझ्या धाकट्या भावाचा."

आणि मग जे त्याने बायकोलासुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं, ते ह्या धुळकट दुकानात सांगून टाकलं.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. सुकुमार जर्मनीहून पोचला तो तिसऱ्या दिवशी. विमान चुकलं होतं, का रजा मिळाली नव्हती, कोणी विचारलंच नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं. अभिनंदन दारातच आडवा उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आता कशाला आलास?"

सुकुमार चार दिवस राहिला. त्या चार दिवसांत तो एक शब्द बोलला नाही. मग गेला.

त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. सणवार कोरडे गेले. वर्षाने एका रविवारी ह्या गेमचं आमंत्रण आलं, नुसतं आमंत्रण, वर ओळसुद्धा नाही. अभिनंदनने तो गेम आयुष्यात खेळला नव्हता. तासाभरात शिकला.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता दोघं भाऊ ट्रक हाकतात. डावीकडं घे. दोर टाक. डिझेल संपलं. एवढंच बोलणं. त्या एका तासासाठी अभिनंदन सोमवारपासून दिवस मोजायचा. मला ट्रकचा नाद लागलाय, असं घरात सांगायचा. ट्रकचा कसला नाद? जीव तुटायचा त्याचा त्या आवाजासाठी.

"गेल्या रविवारी म्हणाला, आता एकदाच खेळू. पुढं खेळणार नाही." अभिनंदनने मान खाली घातली. "म्हणजे आजचाच."

"मग?"

"खेळ संपत आला की तो काहीतरी मागतो, चाचा. 'आण' म्हणतो. काय आण, ते पुढचं कापलं जातं. दर वेळी तिथंच! मी विचारत राहतो आणि वेळ संपते… आज तरी मला ते पुरतं ऐकायचंय. काय मागतो ते द्यायचंय त्याला."

चाचांनी मशीनकडे बोट केलं.

"त्याचा आवाज मशीनमधी भरून ठेवलाय?"

"सगळे रविवार ठेवलेत. दोष शोधायला."

"किती वेळा ऐकलंस?"

"दोष शोधायलाच…"

"किती वेळा, बेटा?"

"…रोज."

चाचांनी आवाज परत सुरू केला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. अभिनंदनने गेल्या रविवारचा शेवट लावून दिला. चाचांनी ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढला आणि अभिनंदनच्या कानाला लावला.

"आता भावाचं ऐकू नको."

"मग काय ऐकू?"

"त्याच्या मागचं ऐक."

अभिनंदनला राग आला. चार वाजत आले आणि म्हाताऱ्याला कोडी सुचताहेत! पण ऐकलं.

सुकुमारच्या खोलीत, पार मागे कुठंतरी, कपडे धुवायचं मशीन फिरत होतं. घर्र… घर्र… इतक्या दिवसांत त्याला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

"आण्…" सुकुमार म्हणाला. आणि तुटला.

घर्र… घर्र… घर्र…

मशीन फिरतच होतं. एक श्वास आत ओढल्याचा आवाज आला. तो अर्ध्यात थांबला, तेही ऐकू आलं. मग अभिनंदनचा स्वतःचाच आवाज, केवढा तरी मोठा. "आणतो, आणतो! काय आणू? अरे, कापतंय तुझं!"

घर्र… घर्र…

"काही नाही," सुकुमार म्हणाला. "दोर आण."

अभिनंदनने हेडफोन सावकाश खाली ठेवला.

"मागचं कापलं?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"कार्ड आवाज खात असतं तर सगळाच खाल्ला असता. नेमका भावाचाच कसा खाईल?"

"मग तो… तो आण म्हणून थांबतो कशाला?"

चाचांनी स्क्रूड्रायव्हर पुसून डब्यात ठेवला.

"घरात धाकटा तुला काय हाक मारायचा?"

अभिनंदनने तोंड उघडलं. चौगुल्यांच्या घरात थोरल्या भावाला जी हाक मारतात तीच. सुकुमार बोबडा बोलायचा तेव्हापासून तीच. साधी हाक, दिवसातनं पन्नासदा कानावर पडणारी. तीन वर्षांत एकदाही पडली नव्हती.

"अण्…"

पुढचा 'णा' त्याच्या तोंडून फुटेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"अण्…"

अभिनंदनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दर रविवारी तो दार ठोठावत होता आणि दर रविवारी आपण दोर घेऊन धावत होतो! दोन वर्षं! एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःचं नातं कानाला कळलं नाही. त्याला रडू आवरेना, आणि त्याने ते आवरलंही नाही.

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. पावणेचार झाले होते.

मग तो एकदम उठला. वायरी ओढल्या, गुंडाळल्या, कॅबिनेट छातीशी धरलं. पायरीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"चाचा… आज तो परत तसाच अडकला तर?"

चाचा उठून पायरीशी आले.

"मला काही सुचणार नाही हो. मी परत कायतरी ओरडेन. शेवटचा रविवार आहे…" त्याने मशीन सावरून धरलं. "सांगा ना. काय बसवू मी ह्यात?"

लालासाब चाचांनी तीन नावांचा तो कागद घडी करून त्याच्या खिशात घातला.

"त्यात काही बसवू नको, बेटा… तू गप ऐकत बस."