फुग्याशेजारची फांदी

एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी आपल्या शिष्याच्या हाती प्रथमच एक जीव सोपवला. हौसाबाई नावाची भाजीवाली. तिच्या मेंदूतल्या धमनीला फुगा आलेला, तोही क्वचितच आढळणाऱ्या जागी, वाचेच्या केंद्राजवळ. फुटला की संपलेच! कवटी न उघडता, मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन, तारेच्या टोकाचे मऊ वेटोळे त्या फुग्यात बसवायचे होते. नवरा बापूराव हात जोडून एवढेच म्हणाला, "डॉक्टर, तिचं बोलणं तेवढं राखा. भांडायला मला दुसरं कोण आहे?"

शिष्याचा हात मोठा हलका. वेटोळे चपखल बसले, पडद्यावर फुगा गच्च भरलेला दिसला, आणि परिचारिकेच्याही तोंडून "वा!" निघाले. आता तारेपासून वेटोळे सोडवले, की काम फत्ते.

गुरू म्हणाले, "काढ ते."

"सर? इतकं छान बसलंय!"

"बसलंय खरं. अजून सुटलेलं नाही, तोवर बाहेर घे."

अहो, शिष्याच्या तोंडचा घासच काढला की! पण आज्ञा ती आज्ञा. वेटोळे बाहेर आले, दुसरे लहानसे आत गेले, आणि फुग्याच्या तोंडाशी थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवली गेली. हात धुताना शिष्य फुरंगटलेलाच होता.

गुरूंनी पहिले चित्र पुन्हा पडद्यावर लावले. "रुसलास ना? हे बघ. फुग्याच्या तोंडाशीच ही बारीक फांदी फुटते. तुझं वेटोळं तिच्या दारात आडवं पडलं होतं. बोलण्याच्या भागाला रक्त जातं ते हिच्यातूनच. तू फुगा बघत होतास, वयच ते! पण बाबा, आजार बुजवताना शेजारचं निरोगी वाहतं ठेवणं जास्त अवघड."

"आणि ती रिकामी जागा?"

"लक्ष ठेवू. लागलं तर पुन्हा जाऊ, वाट आता माहीत झालीय."

शिष्याने मान डोलावली. पटले होते, पण मन अजून खट्टूच होते.

सायंकाळी तो हौसाबाईला तपासायला गेला, तोच आतून खणखणीत आवाज आला, "अहो, रडताय काय असे? माणसं बघतायत! सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या? आणि कोथिंबिरीवर पाणी कोण शिंपडणार, माझा सासरा?"

बापूराव डोळे पुशीत होता, हसत होता आणि निमूट ऐकून घेत होता.

शिष्याचा ऊर भरून आला. त्या बाईला मध्येच थांबवायची त्याची काही छाती होईना. तपासणी राहिली बाजूला. तो दारातच उभा राहून तिचे बोलणे ऐकत राहिला.