हैबतीने आणलेला दिवा

चढावरच्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. सांगितलेले तो कधी विसरत नसे. आणि सारा अनर्थ तेवढ्यानेच होत असे.

त्याच्या आत्याजवळ एक म्हातारी मोटार होती. ती आत्या स्वतः चालवी. परंतु दिवेलागणीला तिला गिअर नीट दिसत नसे. म्हणून तिने बाजारातून गिअरच्या दांड्यावर बसवायची एक स्वस्तातली मूठ आणली. कळ दाबली की ती हिरवी उजळे, आणि तिच्यावरचे आकडे स्पष्ट दिसत. त्याच संध्याकाळी आत्याला तालुक्याहून सून रेवती आणि तिचे तान्हे बाळ घरी आणायचे होते. पहिला नातू आपल्याच गाडीतून आपल्या दारी यावा, हा तिचा हट्ट होता.

"हैबत्या, मूठ नीट बसवलीस, तर बाळ पहिल्यांदा तुझ्या मांडीवर देईन," ती म्हणाली. "आधी जुनी मूठ काढ."

हैबतीने मूठ धरली, पाय रोवले आणि ओढली. खालची चामडी खोळ टर्रकन फाटली. हैबती मागच्या आसनावर जाऊन बसला. मूठ जागच्या जागी राहिली.

"अरे, ओढतोस काय? डावीकडे फिरवायचं, की आपोआप सुटतं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

आणि त्याने ते खरोखरच ध्यानात ठेवले.

जुनी मूठ निघाली. आत्या म्हणाली, "आता बॉनेट उघड. ती खालची खुंटी दिसते ना, ती."

हैबतीने खुंटी डावीकडे फिरवली. सुटेना. आणखी फिरवली. अखेर सुटली, परंतु बॉनेट मिटलेलेच राहिले आणि खुंटी हातात आली.

"अरे देवा! ती ओढायची असते रे! धरायचं आणि ओढायचं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

आत्याने पकडीने बॉनेट उघडले. मुठीच्या दोन तारा स्वतः बॅटरीपर्यंत नेऊन जोडल्या. "बघ रे, घट्ट बसल्यात का?"

हैबतीने तारा धरल्या आणि ओढल्या. दोन्ही हातात आल्या.

"नाही बसल्या," तो म्हणाला.

आत्याने कपाळावर हात मारला. "एकदा जोडलेलं सोडवू नये, बाबा! जोडलं, की तसंच राहू द्यावं!"

"बरं आत्या. ध्यानात ठेवलं."

तारा पुन्हा जोडल्या. मूठ बसली. हैबतीने कळ दाबली. मूठ हिरवीगार उजळली. आत्या समाधानाने भाकऱ्या टाकायला घरात गेली. हैबतीने दिवा तसाच राहू दिला.

दुपारी आत्या गाडीत बसली. किल्ली फिरवली. गाडी खोकलीदेखील नाही. बॅटरी गाडीहूनही म्हातारी होती; दिव्याने तिचा उरलासुरला जीव घेतला होता.

"गाडी उभी आणि दिवा चालू? गाडी थांबली की दिवा मालवावा! एवढं एक तरी ध्यानात ठेव!"

"ठेवलं आत्या."

चार शेजाऱ्यांनी धक्का दिला, तेव्हा गाडी सुरू झाली. हैबतीला घरीच ठेवून आत्या तालुक्याला गेली.

दिवे लागता लागता ती परतली. घर रस्त्याच्या खाली, उताराच्या तळाशी होते. पुन्हा धक्का द्यायची वेळ आली तर चढावरून ढकलावी लागू नये, म्हणून आत्याने गाडी वर रस्त्यावरच थांबवली, हँडब्रेक ओढला, मुठीचा दिवा मालवला आणि बाळाला घेऊन रेवतीसह खाली आली. ओट्यावर शेजारच्या तानूबाई निरांजन लावून उभ्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तबक उचलले.

हैबतीने वर पाहिले. गाडी थांबली होती.

त्याने पुढे होऊन निरांजन फुंकले.

"मेल्या!" तानूबाई ओरडल्या. "बाळ दारात आलंय आणि दिवा विझवतोस?"

"अशा वेळी लागलेला दिवा समोर आणायचा असतो!" आत्या रडकुंडीला आली. "जा, घेऊन ये!"

तानूबाई काडेपेटी आणायला आत वळल्या. हैबती मात्र चढ चढून गाडीकडे गेला. तेथे तो थोडा वेळ विचार करीत उभा राहिला. दिवा लागायचा तो या मुठीतच. मूठ काढून न्यावी, तर जोडलेले सोडवू नये. येथेच लावावी, तर थांबलेल्या गाडीत दिवा चालत नाही. म्हणजे गाडीच न्यायला हवी, आणि तीही चालती.

त्याने आत बसून कळ दाबली. हँडब्रेक ओढलेला होता. ओढू नये, हा तर पहिलाच धडा. त्याने तो सोडला.

गाडी हळूच निघाली. पुढे हळू राहिली नाही. मेंदीचे कुंपण गेले. पाण्याचा रांजण गेला. दारातली रांगोळी गेली. बायका किंचाळत ओट्यावरून घरात पळाल्या. गाडी ओट्यावर आदळली आणि थांबली.

बायका दाराआडून हळूच डोकावल्या. बाळ तेवढे हिरव्या उजेडाकडे टकमक पाहत होते.

हैबतीने खिडकीतून डोके बाहेर काढले. एक हात मुठीवर ठेवला, आणि घाईघाईने म्हणाला,

"आत्या, चटकन ओवाळ! गाडी थांबलीये, आता दिवा मालवायला हवा!"