गवताखालची खडी

माणसं अंगणात प्लॅस्टिकचं गवत अंथरू लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. असंच एक गवत काळ्या चिकणमातीवर पसरलं गेलं आणि ऐटीत म्हणालं, "आता चिखल विसरा."

"मी पाणी धरून ठेवते रे," माती म्हणाली. "तुझ्याखाली खडी हवी."

"ती ओबडधोबड? मला टोचेल," म्हणत गवताने नाक मुरडलं.

पाऊस आला. पाणी मुरेना, वाहूनही जाईना. गवत पखालीसारखं फुगलं आणि त्यावर बेडूक उड्या मारू लागले.

"फेकूनच देते हे," मालकीण यमुनाकाकू करवादल्या.

गवत घाबरलं. "खडीताई, चुकलं माझं. ये गं."

ते ऐकून काकूंनी मातीला उतार काढून खडी अंथरली, वर गवत पसरलं. पुढच्या सरीला अंगणात थेंबही साचला नाही.

"गुणाचं गं माझं गवत," काकू म्हणाल्या.

गवताच्या बुडाला बारीक भोकं होती. पाण्यासारखंच ते कौतुकही त्याने खाली खडीकडे सोडून दिलं.