संत मत्तयाच्या पायाशी थैली

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? ज्याच्या हिशेबाच्या वहीत एकही खाडाखोड नाही, त्याच्यावर? बाजारातले जुने लोक अशी वही हाती आली की दोनदा उलटून पाहत. का, ते एका मूर्तीवरून सांगतो.

एकदा एका किनाऱ्यावरच्या गावात एक वृद्ध मूर्तिकार राहत असे. तिथल्या ख्रिस्ती देवळात संत मत्तयाची लाकडी मूर्ती होती. हा मत्तय आधी नाक्यावर बसून जकात गोळा करी, लोकांचे शिव्याशाप खाई. प्रभूची हाक आली तसा उठला, आणि पुढे त्याने शुभवर्तमान लिहिले. म्हणून मूर्तीच्या हाती ग्रंथ, कानाशी वाकलेला देवदूत आणि पायाशी नाण्यांची उघडी थैली. दर पिढीला मूर्तीवर नवा रंग चढे. जुना मात्र खरवडायचा नाही, हा म्हाताऱ्याचा दंडक.

यंदा काम त्याच्या शिष्याकडे आले. चाळिशी गाठली तेव्हा कुठे स्वतःच्या नावावर हे पहिले काम. खर्च करणारा व्यापारी म्हणाला, "संताच्या पायाशी पैसा शोभतो का रे? ती थैली तासून टाक. मग देवळातल्या साऱ्या मूर्ती तुझ्याच. नाहीतर शहरात कारागीर काय कमी आहेत?"

शिष्याने छिन्नी उचलली. म्हातारा त्याला अडवील असे वाटले होते. पण त्याने स्वतःच पाते घेतले आणि संताचा गाल खरवडू लागला.

"बाबा, हे काय? तुमचाच दंडक ना?"

"बघ तू नुसता."

गावकऱ्यासारख्या सावळ्या गालाखाली गोरा गाल निघाला, टोकदार दाढीचा, कुणा फिरंगी अंमलदारासारखा. त्याखाली तांबूस, बिनदाढीचा तरुण. सर्वांत खाली काळसर, मोठ्या डोळ्यांचा एक थकलेला माणूस. शिष्य जवळ वाकला. एकामागून एक शतके त्याच्याकडे पाहत होती.

"यातला खरा कोणता, बाबा?"

"कोणास ठाऊक. ज्याने त्याने आपल्या काळातला भला माणूस रंगवला. आता थैली बघ."

थैलीवरचे थर निघाले. प्रत्येक थरात तीच थैली, तसेच तिचे उघडे तोंड. तळाशी, नुसत्या लाकडात, छिन्नीचा एक जुना घाव होता, अर्धे बोट खोल, लाखेने बुजवलेला.

म्हातारा म्हणाला, "तुझ्याआधीही कुणाला कुणी शेठ भेटला होता. त्या कारागिराने छिन्नी मारली, आणि थांबला." मग तो व्यापाऱ्याकडे वळला. " शेठ, चेहरे बदलले तरी चालले. पण थैली गेली तर हा काय सोडून उठला, ते कुणाला कळेल? मग नुसता बसून राहिलेला आणि उठलेला, दोघे सारखेच."

शिष्याने त्या घावावरून बोट फिरवले, छिन्नी खाली ठेवली. "शेठ, थैली राहील. काम दुसऱ्याला द्यायचं तर द्या."

व्यापारी वाकून तो घाव पाहू लागला. मग हलकेच म्हणाला, "तूच कर. आणि थैलीला रंग जरा ठळक दे. मी मागच्या बाकावर बसतो, तिथून दिसली पाहिजे."

तेव्हा मंडळी, एक विनंती. हिशेब लिहाल तेव्हा चुकलेला आकडा खरवडू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, आणि दोन्ही दिसू द्या.