उघाडीची पाळी

खाडीकाठच्या एका गावात धाकोजी नावाचा एक शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, पण वेळेच्या बाबतीत भारी करडा. आमटी अंमळ उशिरा उकळली, तरी तो आमटीवर रागवे. त्याची बायको सुगंधा या नेमाला पुरती विटली होती.

गावाची भातखाचरं खाडीला लागून होती. मध्ये मातीचा बांध आणि बांधात फळ्यांचं दार. त्याला म्हणत उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीआधी बंद करायची. खारं पाणी आत शिरलं की पीक तर जातंच, वर जमीनही नासते. हे काम घरोघर पाळीने फिरे. भादव्याच्या अवसेला पाळी धाकोजीकडे आली.

त्या दिवशी भर दुपारी भरती होती. तिसऱ्या प्रहरी पाणी ओसरलं, तशी धाकोजीने उघाडी उघडली. मग देवळात जाऊन त्याने जाहीर केलं, "माझ्या पाळीत दार रोज याच वेळी उघडणार. काडीचा फरक व्हायचा न्हाई!"

सुगंधाने कपाळावर हात मारला. चंद्र रोज दोन घटका उशिरा उगवतो आणि भरती चंद्रामागून चालते. म्हणून तीही रोज तेवढीच मागे पडते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धाकोजीलाही होतंच की! पण त्याला ते पटत नव्हतं.

"अवो, दर्या काय आपला गडी हाय, तुमच्या हाकेला धावायला?" ती म्हणाली.

"तू गप ऱ्हा. एकदा ढील दिली की समदेच सोकावतात."

समदे म्हणजे कोण, हे विचारायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

पुढचे दोन-तीन दिवस कसेबसे निभावले. मग एके दिवशी धाकोजी बांधावर पोचला, तेव्हा खाडी तुडुंब भरलेली होती. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा हातभर वर. सुगंधा मागून धापा टाकत आली.

"जरा थांबा! अजून वसरलं न्हाई."

धाकोजीलाही ते दिसत होतं. त्याचा हात थबकला. पण लांबून शेजारीही ओरडत येत होते. त्यांच्यादेखत थांबलो तर नाक कापलं जाईल, असं त्याला वाटलं. त्याने फळी उपसली.

पाणी असं घुसलं की फळी हातातून सुटली, ती पुन्हा बसेना. सगळ्यांनी माती लोटली, काटेकुटे टाकले. काही उपयोग झाला नाही. ओहोटी लागायची तेव्हाच लागली. तोवर गावाचं लोंब्यांवर आलेलं भात खाऱ्या पाण्यात बुडालं होतं.

धाकोजी चिखलात बसला आणि म्हणाला, "दर्यानंच वेळ चुकवली."

इतकी वर्षं सुगंधा चिडत आली होती. आज तिला चिडताही येईना.

"चुकवली ना?" ती म्हणाली. "मग जावा, वर्षभर पोरांना काय घालू, ते त्यालाच इचारून या."

तात्पर्य: डोळ्यांना चूक दिसत असतानाही जो आपल्या नेमाचा तोरा सोडत नाही, तो स्वतःबरोबर शेजाऱ्याच्याही अन्नात माती कालवतो.