रुसलेलं विरजण

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी, साताऱ्याहून बर्फाच्या देशात नेलेलं शेवटचं चमचाभर विरजण कोमट दुधात पडलं. आज दही लागलं नाही, तर घरचं विरजण कायमचं संपणार होतं. पण ते मात्र, "काय मेली थंडी! दूधही परकं," म्हणत तळाशी गोळा होऊन बसलं.

दूध म्हणालं, "विरजणराव, मी तुम्हाला जागा दिली. बाळाची कानटोपी वाटीला ऊब देत बसलीय. आमची काहीच किंमत नाही का?"

विरजण वरमलं. "चुकलंच माझं. दोघांचे फार उपकार आहेत," म्हणालं आणि दुधात विरघळून गेलं.

संध्याकाळी वाटी उलटी केली, तरी दही हललं नाही! तुम्ही शेजारणीला विरजण द्याल, तेव्हा ही गोष्टही सांगा.