बांधाखालचं घर

करंजगडच्या तलावाचा बांध यंदा फुटणार, असं भिवरा कुंभारणीने भर चावडीत सांगितलं. बांध होता दिवाण विसाजीपंतांच्या देखरेखीखालचा. त्यांनी अफवेच्या आरोपाखाली तिला दरबारात उभं केलं.

"पाझर सगळ्याच बांधांना असतो, महाराज," पंत म्हणाले.

"असतो की. पण हा गढूळ आहे, म्हणजे आतली माती वाहून चाललीय," भिवरा म्हणाली. "माती मला कळते. कळून गप्प बसले असते, तर तो गुन्हा झाला असता."

"अफवेला शिक्षा हद्दपारीची," पंत म्हणाले.

बाई जराही गयावया करत नव्हती. राजाला कुतूहल वाटलं. "तुला काही मागायचंय?"

"रिवाज तेवढा पाळा, महाराज. हद्दपाराचं घर तक्रार करणाऱ्याला मिळतं, आणि पहिला पावसाळा त्याने कुटुंबासह तिथेच काढायचा असतो. माझं घर बांधाच्या अगदी खाली आहे."

सगळे पंतांकडे बघू लागले. पंतांनी उपरणं सारखं केलं.

"राहू की," ते म्हणाले, "फक्त आधी बांधाची डागडुजी होऊ द्या."

"पंत," राजा म्हणाला, "ही बाईसुद्धा तेवढंच सांगत होती."